यादवी युद्धात गावकऱ्यांच्या हाती बंदुका द्याव्यात का?

उंबरठा (चर्चाप्रस्ताव)

१५ एप्रिल २०२३ला खार्तूममध्ये सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस (पुढे आरएसएफ) एकमेकांवर तुटून पडले. बातम्यांत ते दोन सेनापतींचं भांडण म्हणून आलं. एकीकडे लष्कराचा प्रमुख बुरहान, दुसरीकडे आरएसएफचा प्रमुख हमीदती. पण हा दुसरा सेनापती आला कुठून, हे फारसं कोणी विचारलं नाही.

२००३मध्ये पश्चिम सुदानातल्या दारफूरमध्ये बंड झालं. ते मोडायला तेव्हाचा सत्ताधीश ओमर अल बशीरकडे भरवशाचं पायदळ नव्हतं, कारण लष्करातले बरेच शिपाई खुद्द दारफूरचेच. मग अरब पशुपालक टोळ्यांना बंदुका दिल्या आणि लुटीची मोकळीक दिली. तेच जंजावीद. गावंच्या गावं जळली, लाखो माणसं छावण्यांत गेली आणि सरकार म्हणत राहिलं, यांचा आमचा काही संबंध नाही. २०१३ला त्यातल्याच लोकांना एकत्र करून, त्यांच्यातल्याच हमीदतीच्या हाताखाली आरएसएफ उभी केली, २०१७ला कायदा करून तिला अधिकृत केलं. त्याच वर्षी जबल आमिरच्या सोन्याच्या खाणीही हमीदतीच्या ताब्यात गेल्या. उद्या लष्कर उलटलं तर हा माणूस आपल्याला वाचवील, असा बशीरचा हिशेब. एप्रिल २०१९मध्ये लष्कराने बशीरला घरी बसवलं तेव्हा हमीदती लष्कराच्या बाजूला उभा होता. नागरी सरकारकडे सत्ता सोपवण्याच्या डिसेंबर २०२२च्या करारानंतर मोठा वाद उरला तो आरएसएफ लष्करात कधी विलीन करायची याचा. लष्कर म्हणे दोन वर्षांत, हमीदती म्हणे दहा वर्षांत. मग गोळ्या सुटल्या.

माझं म्हणणं असं, की सरकारं मिलिशिया (सैन्याबाहेरची हत्यारबंद पथकं) उभी करतात ती केवळ सैन्य अपुरं पडतं म्हणून नाही. जी कामं गणवेशातल्या माणसाने केली तर उद्या कोणी जाब विचारेल, ती करायला बिनगणवेशाची माणसं लागतात. 'गावकरी आपलं रक्षण करताहेत' हे त्यावरचं पांघरूण. म्हणून कोणत्याही यादवी युद्धात सरकारने नागरिकांना हत्यारं देऊ नयेत, असं माझं मत आहे. मतं मांडा. फक्त भस्मासुराची गोष्ट नको. वर देणारा शंकर भोळा होता, खार्तूमचे राज्यकर्ते भोळे नव्हते.

खडूफळा

सुदानबद्दल वाद नाही. 'कोणत्याही' बद्दल आहे.

सिएरा लिओन घ्या. मार्च १९९१ला आरयूएफचे बंडखोर लायबेरियाच्या बाजूने घुसले. गावं लुटणं, मुलं पळवणं आणि पुढे पुढे हात तोडणं. सैन्य काय करत होतं? बरेच सैनिक दिवसा सरकारचे आणि रात्री बंडखोरांचे. लोकांनी त्यांना 'सोबेल' असं नावच पाडलं, सोल्जर आणि रेबेल मिळून. अशा वेळी मेंडे समाजातले पारंपरिक शिकारी, म्हणजे कामाजोर, उभे राहिले. त्यांना जंगलातल्या वाटा ठाऊक, गावातला कोण नि परका कोण हे ठाऊक. शहरातून आलेल्या पलटणीला हे कधीच कळत नाही, आणि यादवी युद्धात निम्मी लढाई याच माहितीची असते. परका ओळखता आला नाही की सैन्य सगळ्यांनाच शत्रू धरतं.

मग मे १९९७. लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कब्बा यांचं सरकार उलथवलं आणि आरयूएफला राजधानीत बोलावून सत्तेत वाटा दिला. ज्यांच्यापासून संरक्षण करायचं त्यांच्याच मांडीला मांडी लावून सैन्य बसलं! त्या दिवशी 'हत्यार फक्त सैन्याच्या हाती असावं' हे तत्त्व बो किंवा केनेमाच्या शेतकऱ्याला काय कामाचं होतं? पुढे मार्च १९९८मध्ये कब्बा परतले ते नायजेरियाच्या नेतृत्वाखालच्या पश्चिम आफ्रिकी फौजेमुळे हे खरं, पण ग्रामीण भाग तोवर कामाजोरांनीच लढत ठेवला होता.

तुम्ही सरकारच्या बाजूने प्रश्न मांडलात. गावाच्या बाजूने मांडून बघा.

उंबरठा

गावाच्या बाजूनेच बघतो. कामाजोरांनी टोंगोत काय केलं? कोरीबोंडोत, बोंथेत? बंडखोरांना साथ दिल्याच्या संशयावरून साध्या माणसांना मारलं, घरं लुटली. लहान मुलांना त्यांनीही लढायला नेलं. 'गावातला कोण नि परका कोण हे ठाऊक' असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत. तीच ओळख जुन्या भांडणांचा वचपा काढायलाही कामी येते. परक्या पलटणीला निदान तुमचा बांधाचा वाद माहीत नसतो.

निळी शाई

कामाजोरांच्या खटल्याचा उल्लेख व्हायलाच हवा, कारण या धाग्यावरचा वाद तिथे न्यायाधीशांमध्येच झाला होता.

सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयात सीडीएफचे (कामाजोर ज्या छत्राखाली लढले ते) तीन नेते आरोपी होते. त्यांतले हिंगा नॉर्मन, कब्बा सरकारातले माजी उपसंरक्षणमंत्री, फेब्रुवारी २००७ मध्ये निकालाआधीच वारले. फोफाना आणि कोंडेवा दोषी ठरले. शिक्षा मात्र अनुक्रमे ६ आणि ८ वर्षे. हे लोक लोकशाही सरकार परत आणण्यासाठी लढत होते, ही गोष्ट न्यायालयाने बहुमताने त्यांच्या जमेस धरली होती. मे २००८ मध्ये अपील न्यायपीठाने हे अमान्य केले आणि शिक्षा १५ आणि २० वर्षांवर नेली. युद्धाचे नियम दोन्ही बाजूंना सारखेच लागू असतात, बाजू न्याय्य आहे म्हणून सूट मिळत नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पण लक्षात घ्या, त्यांनी लढणे हा गुन्हा ठरला नाही, लढताना जे केले तो ठरला. म्हणजे या निकालातून श्री. उंबरठा यांचा सरसकट निषेध निघत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा, जबाबदारी झटकण्याचा, मात्र कायद्याच्या अंगाने पक्का आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्याचा निकाल दिला. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका शहरात वंशसंहार झाला हे मान्य. ज्यांनी तो केला त्या बोस्नियातल्या सर्ब फौजेला बेलग्रेडकडून, म्हणजे सर्बियाच्या सरकारकडून, पैसा आणि सामग्री मिळत होती हेही मान्य. तरीही त्या कृत्यांवर सर्बियाचे 'परिणामकारक नियंत्रण' होते हे सिद्ध झाले नाही. 'स्कॉर्पिअन्स' ही टोळी सहा बोस्नियाक तरुणांना गोळ्या घालतानाची चित्रफीत २००५ मध्ये जगाने पाहिली होती. ती टोळी १९९५ मध्ये सर्बियाच्या राज्ययंत्रणेचा भाग होती, असेही न्यायालयाला म्हणता आले नाही. सर्बिया दोषी ठरला तो वंशसंहार न रोखल्याबद्दल आणि गुन्हेगारांना शिक्षा न केल्याबद्दल. नियंत्रणाची ही कसोटी १९८६ च्या निकाराग्वा खटल्यातून आली आहे आणि ती इतकी कडक आहे, की पगार देणारा सहज सुटतो.

फटकळ

एवढं वाचून निष्कर्ष एकच. ज्याच्या हाती बंदूक तो गावचा पाटील. सगळीकडे हेच. बाकी चालू द्या.

पायवाट

नाही हो फटकळराव, सगळीकडे हेच होत नाही. म्हणूनच तर हा विषय अवघड आहे.

पेरू आणि ग्वाटेमाला शेजारी ठेवून बघा. काळ तोच, १९८०चं दशक. दोन्हीकडे डाव्या गनिमांशी युद्ध, दोन्हीकडे मार खाणारा डोंगरातला मूलनिवासी शेतकरी, दोन्हीकडे गावकऱ्यांची गस्ती पथकं. निकाल मात्र फार वेगळे.

पेरूत सेंदेरो लुमिनोसो हे माओवादी गनीम गरिबांच्या नावाने लढत होते. आयाकूचोतल्या केचुआ गावांनी त्यांचा जाच नाकारायला सुरुवात केली, तेव्हा एप्रिल १९८३मध्ये लुकानामार्का परिसरात सेंदेरोंनी ६९ माणसं मारली. त्यात तान्ही बाळंही होती. हत्यारं कुऱ्हाडी आणि कोयते. त्यानंतर गावोगाव 'रोंदा', म्हणजे गावकऱ्यांच्या गस्ती, वाढत गेल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे भाले, गोफणी आणि घरगुती बंदुका. सरकारचा त्यांच्यावर विश्वास नव्हताच. उद्या हेच लोक आपल्यावर उलटले तर? नोव्हेंबर १९९१मध्ये कुठे फुजिमोरी सरकारने कायदा करून त्यांना मान्यता दिली आणि शॉटगन वाटल्या. सेंदेरोंचा प्रमुख गुसमान सप्टेंबर १९९२मध्ये लिमात पकडला गेला, तो पोलिसांच्या गुप्तहेर पथकाने पकडला, रोंदांनी नव्हे. पण तोवर डोंगरात सेंदेरोंचे पाय उखडले होते आणि ते उखडण्यात रोंदांचा वाटा मोठा होता. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३च्या अहवालात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९,००० बळींचा अंदाज मांडला. नोंद झालेल्या बळींपैकी ५४ टक्के सेंदेरोंच्या खाती. तीन चतुर्थांश बळी केचुआ किंवा दुसरी मूलनिवासी भाषा बोलणारे. रोंदांच्या नावावरही अत्याचार आहेत, आयोगाने ते लपवले नाहीत. पण युद्ध संपल्यावर त्यांची आरएसएफ झाली नाही.

ग्वाटेमालात १९८१-८२पासून लष्कराने 'नागरी स्वसंरक्षण गस्ती' काढल्या. नाव अगदी सोज्वळ. पण गस्तीला नाही म्हणणारा गनिमांचा माणूस समजला जाई, आणि गनिमांचा माणूस म्हणजे मेलेला माणूस. भरात असताना या गस्तींत नऊ-दहा लाख पुरुष होते असं सांगतात. १३ मार्च १९८२ला शोकोक गावची गस्त लष्कराबरोबर रिओ नेग्रोत शिरली. १७७ जण मारले, ७० बायका आणि १०७ मुलं. मारणारे नि मरणारे दोघेही माया आची समाजाचे, एकाच खोऱ्यातले. १९९९मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने मानवी हक्कांच्या ९३ टक्के उल्लंघनांची जबाबदारी सरकार आणि त्याच्या हस्तकांवर टाकली. १८ टक्के प्रकरणांत या गस्ती सामील होत्या. आणि २००२मध्ये याच जुन्या गस्तवाल्यांनी रस्ते अडवून, तिकालच्या पुरातन अवशेषांकडे जाणारी वाट रोखून सरकारकडे केलेल्या सेवेचा मोबदला मागितला!

मला दिसतो तो फरक असा. पेरूतल्या बऱ्याच रोंदांत म्होरक्या गावसभेतून यायचा, माणूस स्वतःच्या शेतावरच राहायचा आणि हाती शॉटगन असायची, जी घेऊन राजधानीवर चालून जाता येत नाही. ग्वाटेमालात यादी बराकीत बनायची आणि 'नाही' म्हणायची सोय नव्हती. बंदूक दिली की नाही यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

उंबरठा

पायवाट, प्रतिसाद आवडला, पण पेरूचं चित्र थोडं उजळ रंगवलंत. तिथेही १९८३नंतर अनेक ठिकाणी लष्कराने गावं उठवून एकत्र वसवली आणि जबरदस्तीने गस्त घालायला लावली. जी गावं तयार नव्हती त्यांच्यावर दोन्ही बाजूंचा संशय. आज आपण 'रोंदा यशस्वी' म्हणतो कारण सेंदेरो हरले. युद्ध आणखी दहा वर्षं चाललं असतं तर?

आणि शॉटगनपुरतं थांबणारं सरकार विरळा. कोलंबियात १९६८च्या कायद्याने नागरिकांना हत्यारं द्यायची सोय झाली. १९९४पासून 'कोन्विवीर' नावाच्या रीतसर परवानाधारक संरक्षण समित्या निघाल्या. कागदावर हेतू असा, की शेतकऱ्यांनी आणि जमीनमालकांनी गनिमांपासून आपला बचाव करावा आणि लष्कराला माहिती द्यावी. त्यांच्या आडोशाला बड्या जमीनदारांचा आणि अमली पदार्थांचा पैसा आला. १९९७ला एयूसी या नावाखाली देशभरातल्या टोळ्या एक झाल्या. २००३ ते २००६मध्ये तीस हजारांहून जास्त लोकांनी हत्यारं खाली ठेवली, आणि थोड्याच दिवसांत नव्या नावांनी टोळ्या पुन्हा उभ्या. २०२२च्या सत्य आयोगाच्या हिशेबाने १९८५ ते २०१८मध्ये साडेचार लाखांच्या आसपास खून झाले. त्यातले ४५ टक्के या निमलष्करी टोळ्यांचे, म्हणजे गनिमांपेक्षा कितीतरी जास्त. बंदुका शेतकऱ्यांच्या नावाने आल्या, जमीन शेतकऱ्यांचीच गेली.

हिशेबनीस

सगळे बंदूक देण्यावर बोलताहेत. पगार बंद झाल्यावर काय होतं त्यावर मी बोलतो.

इराक, २००६. अनबारमधल्या सुन्नी टोळ्यांनी अल कायदाविरुद्ध हत्यार उचललं, 'सहवा' म्हणजे जागृती. अमेरिकनांनी महिना सुमारे ३०० डॉलर देऊन त्यांना पोसलं. संख्या लाखाच्या घरात गेली आणि हिंसाचार खरोखर उतरला. (सैन्यही वाढवलं होतं, सद्र या शिया मिलिशियाच्या म्होरक्याची शस्त्रसंधीही होती, सगळं श्रेय एकालाच नको.) ऑक्टोबर २००८पासून हे लोक बगदादच्या मलिकी सरकारकडे सोपवले. पाचवा हिस्सा पोलीस-लष्करात घेऊ, उरलेल्यांना इतर नोकऱ्या देऊ, असं वचन होतं. पगार रखडले, भरती रेंगाळली, काही म्होरक्यांना अटका झाल्या. आणि अल कायदा त्यांना एकेक करून टिपत राहिली. जून २०१४ला इसिस मोसुलमध्ये शिरली तेव्हा सुन्नी भागात सरकारसाठी जीव द्यायला फारसं कोणी उरलं नव्हतं. मग शिया धर्मगुरू सिस्तानींचा फतवा निघाला, त्यातून हश्द ही मुख्यतः शिया मिलिशियांची आघाडी फुगली, आणि नोव्हेंबर २०१६ला कायदा करून तिला सरकारी पगारावर घेतलं. त्यांतल्या काही गटांची निष्ठा बगदादपेक्षा तेहरानशी जास्त, हे सरकारलाही माहीत.

पगार चालू ठेवला तर? लिबिया बघा. २०११नंतर सरकारने गद्दाफीविरुद्ध लढलेल्यांना पैसे द्यायचं ठरवलं. युद्धात जितके लढले त्याच्या कितीतरी पट लोक 'क्रांतिकारक' म्हणून नोंदले गेले. नवे गटच पगारासाठी निघाले. ऑक्टोबर २०१३मध्ये पंतप्रधान अली झैदान यांना त्रिपोलीतल्या हॉटेलातून पहाटे उचलून नेलं, आणि नेणारा गट सरकारशीच संलग्न! काही तासांत सोडलं, पण सरकार कोणाचं ते सगळ्यांना कळलं.

पैसे थांबवले तरी गेलात, चालू ठेवले तरी गेलात. त्यामुळे पहिल्या दिवशीच शेवटच्या पगाराची तारीख ठरत नसेल तर हा व्यवहार करूच नये, असं माझं मत.

खडूफळा

हिशेबनीस, तारीख कशी ठरवणार? शत्रू तारीख पाळत नाही. आणि इराकचं तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. सहवाने काम केलं, विश्वासघात सरकारने केला. दोष मिलिशियाच्या कल्पनेचा नाही.

कोरा कागद

मी नवखी आहे, एक शंका. लेबनॉनमध्ये तर डझनभर मिलिशिया होत्या ना? तिथे त्या मिटल्या कशा?

निळी शाई

ताई, बऱ्याचशा मिटल्या नाहीत, मंत्रिमंडळात गेल्या. १९८९ मध्ये यादवी युद्ध संपवण्यासाठी झालेल्या तैफ कराराने मिलिशिया विसर्जित करायचे ठरले. १९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा आला. बरीच जड हत्यारे जमा झाली, काही माणसे सैन्यात घेतली आणि म्होरके नेते झाले. त्यांतल्या समीर जाजाला पुढे तुरुंगवास झाला, पण तो नियम नव्हे, अपवाद. हिजबुल्लाला इस्रायलविरुद्धच्या प्रतिकाराच्या नावाखाली हत्यारे ठेवू दिली. हजारो बेपत्ता माणसांचे नातेवाईक अजून विचारताहेत, आमचा माणूस कुठे पुरला? उत्तर ज्यांना ठाऊक होते ते सत्तेत होते.

जाता जाता: आपल्याकडचा सलवा जुडूमचा निकाल (५ जुलै २०११) या चर्चेला लागू पडतो. छत्तीसगडमधला संघर्ष यादवी युद्धात मोडतो का यावर वाद घालता येईल. पण जेमतेम शिकलेल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देऊन माओवाद्यांसमोर उभे करणे हे राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ च्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ज्यांना हत्यार दिले जाते त्यांच्याच जगण्याच्या हक्काचा तिथे विचार झाला, जो आपण इथे कोणीच केलेला नाही. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून त्याच मुलांना सहायक सशस्त्र दलात घेतले, हा भाग वेगळा.

फटकळ

घ्या. म्हणजे पाटीलकीच.

खडूफळा

उंबरठा, तुम्ही सुदानपासून सुरुवात केलीत, तर मीही तिथेच येतो. आरएसएफने दारफूरमधल्या अल फाशर शहराला दीड वर्षाच्या आसपास वेढा घातला. आत लष्कराची एक तुकडी होती, पण तिच्याबरोबर कोण होतं? मिन्नावी या दारफूरच्या जुन्या बंडखोर नेत्याच्या आणि इतर बंडखोर गटांची संयुक्त फौज, जी एकेकाळी याच लष्कराविरुद्ध लढली होती, आणि शहरातले, छावण्यांतले स्वयंसेवक. २६ ऑक्टोबर २०२५ला लष्कराचा तळ पडला, लष्कराचे अधिकारी माघार घेऊन निघून गेले, आणि आरएसएफने शहरात जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. प्रसूती रुग्णालयातल्या रुग्णांनासुद्धा सोडलं नाही.

तुमचा नियम लावला असता तर त्या स्वयंसेवकांना बंदुका मिळाल्या नसत्या. शहर वर्षभर आधी पडलं असतं. तेवढ्या काळात जी माणसं कशीबशी बाहेर निसटली, त्यांचं काय? यावर मला थेट उत्तर हवंय, कोलंबिया नकोय.

उंबरठा

थेट उत्तर देतो. अल फाशरमध्ये मी असतो तर मीही बंदूक मागितली असती. घराच्या दारात आरएसएफ उभी असताना कोणाला नियम सांगण्यात अर्थ नाही. माझा नियम सरकारसाठी आहे, दारात उभ्या माणसासाठी नाही, आणि हा फरक मी सोडणार नाही. कारण त्याच सरकारने त्याच युद्धात 'जनतेचा प्रतिकार' म्हणून ठिकठिकाणी जे हत्यारबंद केले ते सगळेच अल फाशरचे स्वयंसेवक नाहीत.

गझीरा प्रांतातला अबू आकला कैकल बघा. हा आधी आरएसएफमध्ये होता. आरएसएफने गझीरा घेतल्यावर त्यांच्या वतीने तिथला कारभार याच्याकडे. ऑक्टोबर २०२४मध्ये तो आपल्या माणसांसकट लष्कराकडे आला आणि लष्कराने त्याला जवळ केलं. त्याची 'सुदान शील्ड' लष्कराच्या बाजूने लढू लागली. १० जानेवारी २०२५ला याच फौजेने कांबो तैबा या वस्तीवर हल्ला केला. तिथे राहतात ते मूळचे पश्चिम सुदानातले शेतमजूर. त्यांनी आरएसएफला साथ दिल्याचा संशय होता म्हणे. किमान २६ माणसं मेली, घरं जाळली, धान्य आणि गुरं नेली. लष्कराने निषेध केला, 'वैयक्तिक पातळीवरचे प्रकार' म्हणाले, चौकशीचं जाहीर केलं. कैकल अजून त्यांच्याच बाजूने लढतोय.

२००३मध्ये बशीर सरकारने जे उत्तर दिलं होतं तेच उत्तर. फक्त या वेळी ते आपल्याला आवडणाऱ्या बाजूने दिलंय. खडूफळा, कांबो तैबाच्या माणसाने कोणाकडे बंदूक मागायची?

खडूफळा

तिथल्या माणसाला आता बंदूक देईल ती आरएसएफ. तुम्ही दिली नाहीत म्हणून तो बिनहत्यारी राहणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. उद्या सविस्तर लिहितो.